दुपारी फोन उचलणारी बाई

१

धर्मा आला तेव्हा मी केंद्रातला माठ धूत होतो. तो चपला न काढता आत आला, टेबलावरच्या फोनकडे बघितलं आणि विचारलं, "आमची पार्वती कुठाय?"

मी त्याला ओळखत नव्हतो आणि पार्वतीलाही नाही. त्याला बस म्हटलं, तरी तो उभाच राहिला.

आमचं केंद्र म्हणजे अंधेरी पूर्वेला एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन. ज्याला जगणं नकोसं झालंय, ज्याच्या घरात त्याचं ऐकून घेणारं कुणी नाही, त्याने इथे फोन करायचा. आमची माणसं ऐकतात. पगार कुणालाच नाही. सगळे नोकरी-कॉलेज करून येणारे, म्हणून केंद्र संध्याकाळी पाचला उघडायचं. माझी बायको सुगंधा इथे फोन घ्यायची. ती गेल्यावर खोली उघडणं, पाणी भरणं, चहा करणं ही कामं मी अंगावर घेतली. मला फोनवर बोलणं जमत नाही. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात उमर गेली, संपानंतर एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. घरी एकटं बसवत नव्हतं, एवढंच.

धर्मा वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. पार्वती त्याची धाकटी बहीण. तिचा नवरा लहू नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीला होडीवरून पडला आणि परत मिळाला नाही. तेव्हापासून ती भावाकडे होती. दिवाळी झाल्यावर रोज दुपारी बर्फाच्या कारखान्याबाहेरच्या, नाणं टाकायच्या डब्याच्या फोनवरून ती कुणाशी तरी बोलायची. धर्माने तिला पकडलं तेव्हा म्हणाली, दुःखी माणसांचं ऐकतात ना, त्या केंद्रात फोन करते. तीन दिवसांपूर्वी ती घरातून निघून गेली. पोलिसांनी त्याला बघतो म्हणून वाटेला लावलं होतं.

"तुमच्या बाईने बोलावून घेतली तिला," धर्मा म्हणाला. "मी एकदा तिच्या हातातून फोन हिसकला. या कानांनी ऐकलंय. ती बाई सांगत होती, आधी पाणी पी, मग बोल. घाई नाही, मी कुठे जात नाही."

माझ्या हातातला माठ मी खाली ठेवला.

हे शब्द सुगंधाचे होते, याच क्रमाने. फोनवर ती ते म्हणायची, घरीही म्हणायची. संपाच्या दिवसांत मी डोकं धरून बसलो की मलाही हेच सांगायची.

सुगंधा श्रावणात गेली. पार्वती त्या बाईशी बोलायला लागली ती दिवाळीनंतर.

२

केंद्र चालवणारे डॉक्टर नंदकिशोर आले. त्यांनी धर्माचं सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की इथे कोण फोन करतं, कोण नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही. त्याच्या बहिणीने फोन केला असेल तरी नाही आणि केला नसेल तरी नाही. धर्मा म्हणाला, मग अख्खा कोळीवाडा इथे आणतो, त्यांना सांगा. आणि तो जिना उतरून गेला.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. केंद्राचे तीन नियम त्यांनीच घातले होते. फोनवर नाव विचारायचं नाही आणि आपलंही सांगायचं नाही. फोन करणाऱ्याला कधी भेटायचं नाही. आणि हा फोन येण्यासाठी आहे, त्यावरून बाहेर फोन करायचा नाही, कारण आपण बोलत असू तेवढ्यात कुणाला तरी लाइन मिळणार नाही.

"कुणीतरी दुपारी चोरून इथे बसतंय," ते म्हणाले. "सुगंधाबाईंसारखं बोलून लोकांना बाहेर बोलावतंय. हे खरं निघालं तर मला केंद्र बंद करावं लागेल, गुणाजीराव. आणि त्या मुलीचं काही बरंवाईट झालं असेल तर..."

त्यांनी मलाच चौकशी करायला सांगितलं. मी फोन घेत नव्हतो, म्हणून माझ्यावर संशय नव्हता. फोनवर बसणाऱ्या बायका दोनच. रत्नप्रभाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि अनुपमा, कॉलेजात शिकणारी. दोघींनाही सुगंधाने शिकवलं होतं. दोघींनीही तिला शेजारी बसून महिनोन् महिने ऐकलं होतं.

रत्नप्रभाबाईंना धर्मावरच संशय होता. त्या म्हणाल्या, हा भाऊ कशावरून? कदाचित ती याच्याच जाचाला कंटाळून पळाली असेल आणि हा तिला शोधायला आपला वापर करतोय. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. धर्माचे हात मोठे होते आणि डोळे लाल.

पण त्या रात्री माझ्या मनात धर्मा नव्हता. घरातलं भांडं चोरीला गेलं तर माणूस शेजारी विचारतो, पोलिसांत जातो. माझ्या बायकोचं बोलणं कुणीतरी चोरलं होतं. त्याची तक्रार कुठे करायची?

३

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि खालच्या शिंप्याकडे गेलो. खोलीला एकच कुलूप, एक चावी माझ्याकडे, एक डॉक्टरांकडे. शिंपी मशीन थांबवून म्हणाला की वर दुपारी बाईमाणसाचा आवाज येतो खरा. रोज नाही, अधूनमधून. त्याला वाटलं, केंद्राची वेळ वाढवली असेल.

मी वर जाऊन कुलूप बघितलं. तोडलेलं नव्हतं. म्हणजे तिसरी चावी होती. मी चहाचं सामान आणायला खाली जायचो तेव्हा चावी टेबलावरच पडलेली असायची. ती घेऊन कुणी दुसरी बनवून आणली तर मला कळलं नसतं.

अनुपमा आवाज काढण्यात हुशार होती. डॉक्टरांची नक्कल करायची, माझी करायची. सुगंधा असताना तिची पण करायची आणि सुगंधा पोट धरून हसायची. ती कॉलेजातून आली तेव्हा मी जिन्यातच तिला गाठलं आणि सरळ विचारलं, तुझ्याकडे इथली चावी आहे का.

तिचा चेहरा उतरला. पर्समधून तिने चावी काढून माझ्या हातात दिली.

"काका, मी फोन करायचे. बोरिवलीला एक मुलगा आहे. घरी फोन नाही आणि बाहेरून बोलायचं तर मागे रांग असते. बास, एवढंच. पार्वतीबिर्वती मला माहीत नाही."

"आणि सुगंधाचे शब्द?"

"ते मी फोनवर कधी बोलत नाही. ती गेल्यावर जमलंच नाही. मी बोलायला लागले की रडायला येतं." तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "तुम्हाला सांगायचं नव्हतं. परवा संध्याकाळी एका बाईचा फोन होता. सुगंधाताई आहेत का, म्हणाली. मी नियमाप्रमाणे सांगितलं, इथे कुणाला नाव नसतं, जो उचलेल तो तुमचाच. ती म्हणाली, बरं. आणि ठेवून दिला."

नावाने विचारणारी बाई. सुगंधाने तर कधी कुणाला नाव सांगितलं नसणार. नियमाच्या बाबतीत ती कडक होती. महिन्यातून एका गुरुवारी ती डब्यात काहीतरी भरून अंधेरी पश्चिमेच्या आंबोलीला जायची. कुठे जातेस विचारलं तर म्हणायची, केंद्राचं काम आहे. मग मी पुढे विचारायचो नाही. केंद्राचं काम म्हटलं की नवऱ्यानेसुद्धा विचारायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं होतं.

अनुपमा खरं बोलत असेल तर दुपारी हा फोन बाहेर बोलण्यात गुंतलेला असायचा. खोटं बोलत असेल तर ती फार चांगलं खोटं बोलत होती. मी चावी खिशात टाकली. तिच्यावरचा संशय मात्र काढला नाही.

४

रत्नप्रभाबाईंना मी चहा दिला आणि समोर बसलो. त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं की दुपारी त्या घरी झोपलेल्या असतात आणि अंधेरीत पाच वाजता पाय ठेवतात.

मी म्हटलं, "बाई, गेल्या आठवड्यात एक दिवस मी आलो तेव्हा तुम्ही जिन्यात बसलेल्या होतात. तुमचा रुमाल वाळत टाकलेला होता. तासभर आधी आल्या असाल."

त्यांनी कप खाली ठेवला. मुख्याध्यापिका असताना त्यांच्यापुढे मुलं जशी हात बांधून बसत असतील, तशा त्या बसल्या. मग बोलल्या.

त्या दिवशी त्या दवाखान्यातून परस्पर आल्या होत्या, म्हणून लवकर पोचल्या. जिन्यात एक तरुण कोळीण बसलेली होती. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, डोळे सुजलेले. ती म्हणाली, मला इथे यायला सांगितलंय. बाईंनी तिला नियम सांगितला. आम्ही कुणाला भेटत नाही, पाचनंतर फोन कर. ती म्हणाली, संध्याकाळी होड्या लागतात, फोनपाशी गडीमाणसं असतात, मला बोलता येत नाही. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं.

"ती उठली आणि म्हणाली, पण दुपारी बोलता की तुम्ही माझ्याशी. मला वाटलं, मुलीचं डोकं ठिकाणावर नाही. गुणाजी, मी तिला परत पाठवली. धर्मा आला तेव्हा मला कळलं ती कोण होती. तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही."

धर्मावर बोट का दाखवलं, ते मी विचारलं नाही. ते दिसतच होतं.

हे कळल्यावर डॉक्टर त्यांच्यावर भडकले नाहीत. भडकणार कसे? त्यांनी घातलेला नियमच बाईंनी पाळला होता. ते फक्त म्हणाले, उद्या दुपारपर्यंत काही कळलं नाही तर ते स्वतः पोलिसांत जाऊन सगळं सांगतील आणि खोलीला कुलूप लावतील.

मी मात्र पार्वतीच्या वाक्यावर अडकलो होतो. दुपारी बोलता की तुम्ही माझ्याशी. ती खुळी नव्हती. रोज दुपारी कुणीतरी तिच्याशी बोलत होतं. मग ती इथे आली तेव्हा दाराला कुलूप का होतं? अनुपमा होती म्हणावं, तर शिंप्याला आवाज अधूनमधून ऐकू यायचा, रोज नाही.

आणि तिला इथे यायला सांगितलं कुणी?

५

सकाळी मी वेसाव्याला गेलो. कोळीवाड्यात धर्माचं घर विचारायला लागलं नाही. त्याच्या दाराशी माणसं जमलेली होती, केंद्रावर जायच्या तयारीत. त्याची बायको कृष्णाबाई मला आत घेऊन गेली.

मी धर्माला तपासायला आलो होतो. खाडीत त्याची होडी बांधून ठेवलेली दिसली, जाळी कोरडी. ऐन हंगामात शेजारच्या सगळ्या होड्या बाहेर आणि याची किनाऱ्याला. बहिणीला शोधून मारायचं असतं तर माणूस धंदा बुडवून इतके दिवस दारात बसत नाही. आत चुलीजवळ एक ताट झाकून ठेवलेलं होतं. कृष्णाबाई म्हणाली, तिच्यासाठी रोज दोन्ही वेळा वाढून ठेवतो.

"तुमी तिला काय बोललात ते सांगा ना यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

धर्मा जमिनीकडे बघत बोलला. लहूचा देह मिळाला नव्हता. जातीतली मोठी माणसं म्हणत होती, किती दिवस वाट बघायची, क्रिया उरकून घ्या. पार्वती बांगड्या उतरवायला तयार नव्हती. दाखवा मला तो, म्हणायची, मग उतरवते. आणि फोनचं कळलं तेव्हा धर्मा तिला म्हणाला होता, घरातलं दुःख रस्त्यावर नेतेस, लाज नाही वाटत? त्यानंतर ती घरात कुणाशी बोललीच नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणाली की मला आता समुद्राकडे बघवत नाही.

"मी त्या फोनात आणखी काय ऐकलं सांगू?" धर्मा म्हणाला. "कुकरची शिट्टी. दोनदा वाजली. आणि कुणीतरी आई म्हणून हाक मारली. तुमच्या केंद्रात पोरंबाळं पण ठेवता?"

केंद्रात कुकर नव्हता. साधा स्टोव्ह होता, चहापुरता.

मी त्याला म्हटलं, तो फोन दाखव.

बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला तो लाल डबा होता. बोलण्यात दुपार झाली होती, आजूबाजूला चिटपाखरू नाही. फोनच्या वर भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. मन जड झालंय? आमच्याशी बोला. खाली नंबर. खाऱ्या वाऱ्याने रंग उडत आला होता, पण अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. एका रविवारी सुगंधाने ते लिहिलं होतं आणि मी रंगाचा डबा धरून उभा होतो.

दोन वर्षांपूर्वी केंद्र अंधेरी पश्चिमेला होतं. तिथली जागा गेली, आम्ही पूर्वेला आलो आणि फोनचा नंबर बदलला. जुन्या नंबरचं काय करायचं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सुगंधा म्हणाली होती, ते मी बघते. आम्ही समजलो, तिने सगळ्या पाट्या बदलल्या. जुना नंबर आमच्या लेखी मेला होता.

तो कधी कुणी फिरवून बघितला नाही. आम्ही फोन घेणारी माणसं. बाहेर फोन करायचा नाही, हाच आमचा नियम. आपला नंबर आपण कशाला फिरवू? पण टेलिफोन खातं नंबर मरू देत नाही. लोक वर्षानुवर्षं फोनसाठी नाव नोंदवून बसलेले असतात. पश्चिमेचा नंबर पश्चिमेलाच दिला जातो; तो आंबोलीत कुणाच्या तरी घरात वाजत होता, आणि ज्या घरात दुपारी कुकर लागतो त्या घरातली बाई तो उचलत होती. सुगंधाला नावाने ओळखणारी, गुरुवारी तिची वाट बघणारी बाई.

हे मी धर्माला सांगितलं. त्याला पटलं की नाही कोण जाणे. त्याने खिशातून नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.

मी जुना नंबर फिरवला. पलीकडे उचललं गेलं. मला सगळं विचारायचं होतं, पण तोंडातून शब्द निघेना.

थोडा वेळ गेला. मग एक बाई म्हणाली, "असू दे. आधी पाणी पी, मग बोल. घाई नाही. मी कुठे जात नाही."

आवाज सुगंधाचा नव्हता. जाडा, जरा बसलेला आवाज होता. तरी मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

"मी सुगंधाचा नवरा," मी म्हटलं. "पार्वती तुमच्याकडे आहे का?"

६

आंबोलीत तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार मंजुळाबाईंनी उघडलं. आत खाटेवर त्यांचा मुलगा पडलेला होता, पंधरा-सोळा वर्षांचा, कमरेखालून लुळा. त्याला एकटं सोडून त्यांना दहा मिनिटंही बाहेर जाता येत नव्हतं. त्याच्यासाठीच त्यांच्या नवऱ्याने फोन घेतला होता.

पार्वती मोरीपाशी भांडी घासत होती. हातात हिरव्या बांगड्या तशाच. भावाला बघून ती उठली आणि भिंतीला टेकली. धर्मा दारातच थांबला. त्याने एवढंच म्हटलं, "बांगड्यांचं कुणी बोलणार नाही तुला. मी सांगितलंय सगळ्यांना." सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण तो आता सांगणार होता. पार्वती खाली बसली आणि रडायला लागली. तो तिच्याजवळ जाऊन बसला. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या.

मंजुळाबाईंनी मला हळू आवाजात सगळं सांगितलं. फोन लागला आणि पहिल्या दिवसापासून रडणाऱ्या माणसांचे फोन यायला लागले. त्या राँग नंबर म्हणून ठेवून द्यायच्या. मग एक दिवस सुगंधाचाच फोन आला. जुना नंबर कुठे लागतो, ते बघायला केला होता. तिने विनंती केली की ठेवून देऊ नका, नवा नंबर सांगा. मंजुळाबाई म्हणाल्या, नंबर सांगेपर्यंत ती माणसं बोलायला लागतात, त्यांना मध्येच कसं तोडू? त्या गुरुवारी सुगंधा डबा घेऊन आली आणि तिने त्यांना शिकवलं. कसं ऐकायचं, काय बोलायचं नाही. आपल्याला झेपणार नाही असं वाटलं तर केंद्राकडे पाठवायचं. पार्वतीला त्यांनी तसंच पाठवलं होतं. ती जिन्यातून परत आली आणि डब्यावरून फोन करून म्हणाली, तिथेही नको म्हणाले, आता मी कुणाकडे जाऊ?

"मग मी म्हटलं, माझ्याकडे ये. चुकलं असेल माझं. पण त्या वेळी दुसरं काय सांगणार होते? रात्री तिला एकटी सोडली नाही, तिची खाट माझ्या खाटेला लावली. घरी कळव म्हटलं तर ऐकेना. मग संध्याकाळी केंद्रात फोन केला, सुगंधाताईंना विचारावं म्हणून. तर नाव नसतं म्हणाले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई किती महिने आल्या नाहीत. माझ्यावर रागावल्या का?"

केंद्राच्या नियमाप्रमाणे ही बातमी या घरापर्यंत पोचणारच नव्हती. ती मलाच द्यावी लागली. सुगंधा गेल्यापासून मी ते वाक्य कुणाला बोललो नव्हतो. चाळीतल्या माणसांनी परस्पर कळवलं होतं, कामावर शेजाऱ्याने सांगितलं होतं.

"ती गेली," मी म्हटलं. "श्रावणात. पोटाचं दुखणं होतं."

मंजुळाबाई पदर तोंडाला लावून तशाच उभ्या राहिल्या. खाटेवरून मुलाने हाक मारली, तीही त्यांना ऐकू आली नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, पेला शोधला, माठातलं पाणी भरलं आणि आणून त्यांच्या हातात दिला.

"आधी पाणी प्या," मी म्हटलं. "मग बोला. घाई नाही."

त्या दिवशी संध्याकाळी केंद्र दोन तास उशिरा उघडलं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. कुलूप लावायची भाषा त्यांनी पुन्हा केली नाही. दुसऱ्या दिवशी ते रत्नप्रभाबाईंना घेऊन मंजुळाबाईंकडे गेले; पार्वती अजून तिथेच होती. रत्नप्रभाबाई पार्वतीशी काय बोलल्या, ते मला माहीत नाही. तिला डॉक्टरांच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि पुढे दर आठवड्याला धर्मा स्वतः तिला तिथे न्यायचा. अनुपमा आता महिन्यातल्या एका गुरुवारी आंबोलीला जाते आणि मंजुळाबाई भाजीला जाऊन येईपर्यंत त्या मुलापाशी बसते.

महिन्याभराने धर्मा पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे डबे घेऊन केंद्रावर आला. भिंतीवरचा चुकीचा नंबर पुसून बरोबर लिहायचा होता. मी त्याच्याबरोबर गेलो. तो पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, हा पुसू ना?"

मी त्याच्या हातातून ब्रश घेतला. माझं अक्षर चांगलं नाही. सुगंधाच्या ओळींवर निळा रंग पुन्हा नीट भरला, नंबरापुढे लिहिलं, दुपारी. मग खाली नवा नंबर घातला आणि त्याच्यापुढे, संध्याकाळी. धर्मा डबा धरून उभा होता.